आजोबांचा चेहरा आणि डीव्हीडीचं गणित

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत दिल्ली कॅन्टॉन्मेंटमधल्या आमच्या क्वार्टरमध्ये आम्ही एक जुनी डीव्हीडी लावली. बाबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले, तेव्हा बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये त्यांची कसम परेड झाली होती. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून घरचे सगळे गेले होते. काकांनी उसन्या कॅमेऱ्याने व्हीएचएस टेपवर शूटिंग केलं होतं. पुढे ती टेप आणि घरातल्या दोन लग्नांच्या टेपा बाबांनी एका दुकानात दिल्या आणि डीव्हीडी करून घेतली. एकूण सहा तासांचं शूटिंग, सगळं एकाच डीव्हीडीवर. काम स्वस्तात झालं.

लग्नाच्या स्टेजवरची माणसं ठीक दिसत होती. परेड सुरू झाली आणि चित्राचे चौकोन चौकोन झाले. 'दाहिने देख'च्या वेळी तर अख्खी प्लाटून म्हणजे नुसते हिरवे ठोकळे. मग कॅमेरा प्रेक्षकांवरून फिरला. आजी म्हणाली, "ते बघ, पांढऱ्या फेट्यातले तुझे आजोबा." फेटा दिसला, चेहरा दिसला नाही. आजोबा माझ्या जन्माआधीच गेले. त्यांचे फोटो आहेत, पण हलतं चित्र एवढं एकच.

कॉम्प्युटरवर तपासलं तर रिझोल्यूशन ७२० बाय ५७६ होतं, म्हणजे आपल्याकडच्या डीव्हीडीला असतं तेवढं पूर्ण. मग चेहरा गेला कुठे? सुट्टीनंतर मी हे आमच्या कॉम्प्युटरच्या सरांना विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही, गुणाकार करायला लावला. तोच इथे देतो.

७२० गुणिले ५७६ म्हणजे एका चित्रात ४,१४,७२० ठिपके, म्हणजे पिक्सेल. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ३ बाइट धरले, तर एका चित्राला सुमारे साडेबारा लाख बाइट लागतात. सेकंदाला अशी २५ चित्रं, म्हणजे ३ कोटी ११ लाख बाइट. साध्या डीव्हीडीवर मावतात ४७० कोटी बाइट. भागाकार करा: फक्त १५१ सेकंद! अडीच मिनिटांत डीव्हीडी भरली. ब्लू-रेवर २,५०० कोटी बाइट मावतात, पण तिचं चित्र १९२० बाय १०८० असतं. तीही असंच भरलं तर तीन मिनिटांच्या आत संपते.

तरी दोन तासांचा सिनेमा डीव्हीडीवर बसतो, तो कॉम्प्रेशनमुळे. दोन तास बसवायचे तर मूळ माहितीच्या साधारण ४८ भागांपैकी एकच भाग ठेवता येतो. बाकीचे ४७ कसे वाचवतात, हे आपल्याला ड्रिलवरून पटकन समजेल.

पहिली युक्ती 'जैसे थे'ची. स्टेजवरचा पडदा एका चित्रातून दुसऱ्या चित्रात बदलत नाही. मग तो पुन्हा कशाला लिहायचा? एक चित्र पूर्ण लिहायचं आणि पुढच्या दहा-बारा चित्रांसाठी फक्त बदल लिहायचा. न बदललेल्या भागाला हुकूम एकच: जैसे थे. एखादा भाग नुसता सरकला असेल, तर 'हाच तुकडा चार ठिपके उजवीकडे' एवढंच लिहायचं. दुसरी युक्ती डोळ्याची. आपल्याला उजेडातला फरक चटकन कळतो, रंगातला तितका कळत नाही. म्हणून रंगाचे ठिपके एकचतुर्थांशच ठेवतात. तिसरी युक्ती तुकड्यांची. चित्राचे ८ बाय ८ ठिपक्यांचे चौकोन करतात आणि प्रत्येक चौकोनातला बारीक तपशील गरजेप्रमाणे टाकून देतात.

आता परेड आठवा. शेकडो हात-पाय एकदम हलतात, कॅमेरा हातात असल्याने थरथरतो. इथे 'जैसे थे' म्हणायला जागाच नाही. बदल भरपूर आणि ते लिहायला बाइट थोडे. मग यंत्र तपशील टाकत जातं. इतकं, की शेवटी पूर्ण चौकोनाला एकच रंग उरतो. आम्हाला दिसले ते ठोकळे हेच होते. सहा तास एका डीव्हीडीवर म्हणजे १४३ भागांपैकी एक भाग. स्टेजवर उभ्या माणसांना तो पुरला, आजोबांवरून झर्रकन फिरलेल्या कॅमेऱ्याला नाही पुरला.

म्हणजे रिझोल्यूशन ही मेसमधली ताटं आहेत आणि सेकंदाला मिळणारे बाइट हे रेशन. ताटं कितीही मांडा, रेशन तेवढंच असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला घासभरच येणार.

आपल्या शाळेपासून फार लांब नाही, त्या ग्रेटर नोएडात मोझर बेअर कंपनीचा डिस्कचा कारखाना होता. २००७ च्या सुमारास ही कंपनी सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकू लागली. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८, म्हणजे सहा रुपये जास्त देऊन चौपट ठिपके मिळत होते. पण नुसते ठिपके वाढले नव्हते, डिस्कवरची जागाही सुमारे सहापट वाढली होती, म्हणून चित्र खरंच चांगलं दिसायचं.

टाकून दिलेला तपशील परत येत नाही. त्या डीव्हीडीतून आजोबांचा चेहरा कोणतंही सॉफ्टवेअर काढू शकलं नसतं. जे काढेल, ते अंदाजाने काढेल, आणि तो चेहरा आजोबांचा नसेल. सुदैवाने मूळ टेप गावी आजीच्या ट्रंकेत होती. बाबा ती टाकून द्यायला निघाले होते. आजीने दिली नव्हती.

या उन्हाळ्यात आम्ही फक्त परेडची टेप एका डीव्हीडीवर, सगळ्यात जास्त बाइट देऊन, पुन्हा उतरवून घेतली. चित्र फार स्वच्छ नाही. व्हीएचएस टेपवरच जेमतेम २४० रेषांइतका तपशील असतो, आणि नसलेलं कुठून येणार? पण आजोबा दिसतात. मान उंच करून ते रांगेत बाबांना शोधताहेत. चारच सेकंद. आजीने ते सात वेळा लावायला सांगितलं.

पालकांना एक विनंती. आमच्या वार्षिक परेडचं शूटिंग कराल, तेव्हा कॅमेरा स्थिर ठेवा आणि हळू फिरवा. मेसेजवरून आलेला व्हिडिओ बहुतेक वेळा पुन्हा एकदा दाबलेला असतो. तो बघायला ठीक आहे, पण मूळ फाइल वेगळी जपून ठेवा. आणि घरात जुनी टेप असेल, तर डीव्हीडी झाली म्हणून ती फेकू नका.