बटण सोडलं की बंद

अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात, सरोवराच्या काठावर, ब्रिज बे नावाचा तळ आहे. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २,४०० मीटर. तिथे आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, उभं करायला जागा मिळते; विजेची जोडणी मात्र मिळत नाही. ज्याने त्याने आपापल्या जनरेटरवर वीज करून घ्यायची, तीही सकाळी आठ ते रात्री आठ एवढ्याच वेळात. डेन्व्हरला राहणाऱ्या माझ्या मित्राने जुनी आरव्ही विकत घेतली होती आणि तिच्यातून आम्ही सगळे पहिल्यांदाच निघालो होतो. त्याच्या आईंना रात्री नेब्युलायझर लागतो. आठच्या आत बॅटऱ्या भरून घ्यायच्या होत्या.

जनरेटरचं बटण दाबलं की इंजिन लगेच धडधडायचं. बोट उचललं की दोन सेकंदांत गप्प. पाचसहा वेळा हेच झालं.

"पेट्रोल पोचत नसणार," मित्र म्हणाला.

"मग बटण दाबलेलं असताना तरी कसं चालतंय?" मी विचारलं.

या एका प्रश्नातच पुढचा सगळा तपास होता. जनरेटर 'चालत नाही' ही तक्रार मिस्त्रीच्या कामाची नाही. तो किती वेळ चालतो आणि नेमका कधी थांबतो, हे सांगितलं तर अर्धं काम तिथेच होतं. दोन सेकंद, दहा सेकंद, पाच मिनिटं, अर्धा तास – प्रत्येक वेळेमागे वेगळा दोष असतो.

आमचा दोष दोन सेकंदांचा होता. अशा जुन्या यंत्रांमध्ये बटण दाबून धरलेलं असतं, तोवर पेट्रोलचा पंप आणि ठिणगी यांना बॅटरीचा करंट थेट मिळत राहतो. बोट उचललं की हा कारभार कंट्रोल बोर्डाकडे जातो, आणि बोर्ड आधी खात्री करून घेतो: वीज तयार होते आहे का? बऱ्याच यंत्रांत तेलाचा दाबही बघितला जातो. खात्री पटली नाही, तर बोर्ड करंट तोडतो. म्हणजे आमचं इंजिन बंद पडत नव्हतं, ते बंद केलं जात होतं. इंजिन ठणठणीत होतं, पण त्याच्या पाठीला जोडलेला भाग वीजच काढत नव्हता.

पडताळणी सोपी होती. आतल्या सॉकेटमध्ये साधा टेबललॅम्प लावला. मित्राने मोजून चार सेकंद बटण दाबून धरलं. मी दिव्याकडे बघत बसलो. इंजिन पूर्ण वेगात फिरत होतं आणि दिवा काळा ठिक्कर.

वीज का येत नाही, हे कळायला जनरेटरच्या पोटात डोकवावं लागतं. चुंबक फिरवला की शेजारच्या तारेत करंट वाहतो, हे मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं. आता एवढा ताकदीचा चुंबक आणायचा कुठून? वेर्नर फॉन सीमेन्सचं उत्तर १८६७ च्या जानेवारीत बर्लिनच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलं गेलं. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये चार्ल्स व्हीटस्टनही तिथेच पोचला होता. वेगळा चुंबक आणायचाच नाही. आधी वापरलेल्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक राहतं. ते फिरलं की किंचित वीज येते. तीच वीज फिरत्या भागावरच्या वेटोळ्यात सोडली की चुंबक वाढतो, मग वीज वाढते, मग चुंबक आणखी वाढतो. पातेल्याच्या तळाशी राहिलेल्या चमचाभर विरजणाने नवं दही लागावं, तसं. मला ही यंत्रशास्त्रातल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक वाटते. काही जनरेटरांमध्ये सुरुवातीला बॅटरीतून क्षणभर करंट देऊन हे विरजण लावतात, पण पुढचं चक्र तेच.

चक्र तुटतं कुठे? फिरत्या वेटोळ्यात करंट पोचवायला दोन कार्बन ब्रश असतात. स्प्रिंगच्या दाबाने ते फिरत्या तांब्यापितळेच्या कड्यांवर, म्हणजे स्लिप रिंगांवर, टेकून राहतात. यंत्र महिनोन्महिने पडून राहिलं की कड्यांवर काजळी आणि गंज चढतो, ब्रश खाचेत अडकून बसतो. मधला संपर्क गेला की विरजण दुधापर्यंत पोचतच नाही.

बॅटरीची ऋण तार आणि प्लगची टोपी काढून ठेवली आणि मगच मागचं झाकण उघडलं. एक ब्रश सरळ दिसत होता. दुसरा खाचेत तिरका रुतलेला, कड्याला केसभर लांब. कडी तव्याच्या बुडासारखी काळी. स्वयंपाकघरातली भांडी घासायची नवी हिरवी घासणी कोरडीच घेतली आणि कडी लख्ख होईपर्यंत हाताने फिरवली. इथे धातूचा कण मागे सोडणारी कुठलीही वस्तू वापरू नये. ब्रश काढून पुसला, खाच साफ केली, स्प्रिंगवर तो बोटाने दाबला की सुळकन मागे जाऊन परत यायला लागला. झाकण लावलं. मित्राने बटण दाबलं आणि दिवा आधी तांबूस, मग पिवळा, मग पूर्ण उजळला. त्याने बोट उचललं. इंजिन चालूच राहिलं. आठला अजून पन्नास मिनिटं होती.

आमचा दोष विजेचा निघाला, पण बहुतेकांच्या वाट्याला येतो तो पेट्रोलचा. इंजिन पाचदहा सेकंद चालून मरतं, किंवा चोक ओढलेला असेल तरच चालतं, किंवा आवाज चढउतार करत राहतं. गॅरेजवाले याला हंटिंग म्हणतात. कार्ब्युरेटरच्या वाटीत राहिलेल्या पेट्रोलमधला हलका भाग हळूहळू उडून जातो आणि मागे राळेसारखा चिकट थर उरतो. ज्या जेटमधून पेट्रोल वर चढतं त्याचं भोक मिलिमीटरपेक्षाही लहान. ते बुजायला फार काही लागत नाही. त्यात आता इथेनॉल आहे. अमेरिकेत बहुतेक पंपांवर दहा टक्के, आपल्याकडे वीस. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. दहा टक्क्यांच्या मिश्रणात १५ अंश सेल्सियसला लिटरमागे साधारण पाच मिलिलिटर पाणी सामावतं. त्याहून जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाला बसतात. इंजिन आधी तळातलंच ओढतं.

काही मिनिटं चालून थांबणाऱ्या जनरेटरच्या टाकीचं झाकण सैल करून बघावं. झाकणातलं हवेचं भोक बुजलं असेल तर टाकीत पोकळी होते आणि पेट्रोल उतरत नाही. अर्ध्या तासाने थांबून गार झाल्यावर पुन्हा चालणाऱ्या यंत्रात इग्निशन कॉइल तापून दगा देत असते, किंवा गार वाऱ्याच्या वाटेत उंदराने घरटं केलेलं असतं. तेल कमी असलं, किंवा गाडी उतारावर तिरकी उभी असल्याने ते एका बाजूला गेलं, तरी सुरक्षेचा स्विच इंजिन बंद करतो. हे बघायला डिपस्टिक पुरते, म्हणून सगळ्यात आधी तीच बघावी.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमचा जनरेटर मायक्रोवेव्ह लावल्यावर गुदमरला. तो बिघाड नव्हता. दर ३०० मीटरला इंजिनाची ताकद साधारण साडेतीन टक्के घटते. ब्रिज बेच्या विरळ हवेत आमच्या ४,००० वॉटच्या यंत्रातून तीन हजारांच्या आसपासच मिळत होते, आणि छतावरचा एसी आधीच चालू होता. एसी बंद केला, प्रश्न मिटला. परतीच्या वाटेवर तो पुन्हा थांबला, तेव्हा गाडीच्या टाकीत पाव भाग पेट्रोल होतं. आरव्हीत जनरेटरची नळी मुद्दाम टाकीच्या तळापासून वर ठेवतात, म्हणजे तो सगळं पेट्रोल पिऊन गाडीला रानात अडकवत नाही. कित्येक लोक या शहाणपणाला बिघाड समजून पंप बदलून घेतात. हे वाचून एकाचा जरी खर्च वाचला तरी मला समाधान आहे.

आपल्याकडे आरव्ही कमी, पण पेट्रोलवरचे छोटे जनरेटर गावोगाव आहेत. गणपतीच्या मांडवात, यात्रेतल्या दुकानात, वीज गेल्यावर दवाखान्यात. वर्षातून चार वेळा बाहेर निघणारा जनरेटर ऐन आरतीच्या वेळी मान टाकतो, त्याचं कारण तेच: पडून राहणं. आरव्हीच्या जनरेटरसाठी कंपन्या सांगतात की महिन्यातून एकदा तास-दोन तास, निम्मा लोड देऊन चालवा. लोड हवाच, त्याने वेटोळी तापतात, ओल निघून जाते, कडी घासून स्वच्छ राहतात. छोटा जनरेटर ठेवून द्यायचा असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करावा आणि आपोआप थांबेपर्यंत तो चालू ठेवावा. कार्ब्युरेटरची वाटी रिकामी होते.

आणि दुरुस्ती करताना, पावसात, चोरीच्या भीतीने, कोणत्याही कारणाने जनरेटर घरात, शटर ओढलेल्या दुकानात किंवा बंद मांडवात चालवू नका. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. चालत्या जनरेटरजवळ कुणाचं डोकं दुखू लागलं, मळमळलं, तर दोष शोधत बसू नका; आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत बाहेर काढा.