सतरा वर्षांच्या मुलाला फाशी होते का?

अल्पवयीन मुलाच्या हातून भयंकर गुन्हा घडला की दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सॲपवर ठरलेला मजकूर फिरायला लागतो: ‘२०१५ साली कायदा बदलला, सोळाच्या वरच्यांना आता सज्ञान धरतात, फाशी होणारच.’ चांगले शिकलेसवरलेले लोक तो डोळे झाकून पुढे ढकलतात. यातलं पहिलं खरं, दुसरं अर्धवट आणि फाशीचं साफ खोटं.

सोळा पूर्ण झाले म्हणून कुणी आपोआप सज्ञान ठरत नाही. ज्या गुन्ह्याला किमान ७ वर्षांची शिक्षा आहे, अशाच घोर गुन्ह्यात १६ ते १८ वयाच्या मुलाची बाल न्याय मंडळ आधी प्राथमिक तपासणी करतं. गुन्हा करण्याची शारीरिक-मानसिक क्षमता होती का, परिणाम कळत होते का, कोणत्या परिस्थितीत घडलं, हे पाहिलं जातं. मंडळाला पटलं तरच प्रकरण बाल न्यायालयाकडे जातं आणि तिथं हाच प्रश्न पुन्हा तपासतात. एवढ्या चाळण्यांतून जाऊन मुलगा दोषी ठरला, तरी त्याच कायद्याचं कलम २१ उभं असतं: फाशी नाही, सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही नाही. दुसऱ्या कुठल्याही कायद्याखाली ती देता येत नाही, असंही तिथंच लिहिलंय. ‘अहो, पण पॉक्सोत २०१९ पासून फाशी आहे!’ आहे ना, सज्ञानांसाठी.

आणि हे आजचे लाड नव्हेत. १९८६च्या कायद्यातही अल्पवयीनाला फाशी नव्हतीच. फक्त मुलग्यांसाठी मर्यादा १६ वर्षांची होती, ती २०००च्या कायद्याने १८ केली.

‘तीन वर्षांत मोकाट सुटतात.’ सज्ञान म्हणून खटला चाललेला मुलगा २१ वर्षांचा होईपर्यंत सुरक्षित ठिकाणी राहतो. मग बाल न्यायालय आढावा घेतं आणि उरलेली शिक्षा तुरुंगातही भोगायला लावू शकतं.

‘दिल्लीच्या २०१२च्या प्रकरणातल्या अल्पवयीनाला नवा कायदा का नाही लावला?’ गुन्हा घडला तेव्हाच्या कायद्यापेक्षा जड शिक्षा मागाहून देता येत नाही. संविधानाचं कलम २० वाचा.

‘हाडांच्या चाचणीत नेमकं वय कळतं.’ नाही कळत, दोनेक वर्षं इकडेतिकडे होतात. म्हणून कायदा आधी शाळेचा दाखला मागतो, तो नसेल तर पालिकेचा किंवा पंचायतीचा जन्मदाखला. चाचणी सगळ्यात शेवटी.

हे दाखले वेळेत कुणी पाहिले नाहीत तर काय होतं, ते पुण्याच्या एका खटल्यात दिसलं. ऑगस्ट १९९४मध्ये एका घरातल्या ५ स्त्रिया आणि २ मुलांचे खून झाले. त्यातल्या एका आरोपीचं वय कागदोपत्री विशीच्या आसपास लागलं होतं. १९९८ला त्याला फाशीची शिक्षा झाली, २००० साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. अल्पवयीन असल्याचा दावा अंतिम निकालानंतरही करता येतो, म्हणून प्रकरण पुन्हा उघडलं. बिकानेर जिल्ह्यातल्या शाळेच्या रजिस्टरात तो वेगळ्याच नावाने सापडला, जन्मतारीख १ फेब्रुवारी १९८२. दोन्ही नावं एकाचीच, हे चौकशीत सिद्ध झालं. गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. मार्च २०२३मध्ये न्यायालयाने त्याला सोडलं, तेव्हा तुरुंगात २८ वर्षं उलटून गेली होती. त्या वयाच्या मुलाला आजचा कायदा जास्तीत जास्त ३ वर्षं अडकवून ठेवू शकतो, तेही तुरुंगात नव्हे.