प्राध्यापक व्हायचंय? आधी हिशोब मांडा

रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी एक जुना विद्यार्थी भेटायला आला. एम.ए. उर्दू, सेट उत्तीर्ण. सहा वर्षांपासून कॉलेजात शिकवतो. मोहल्ल्यात त्याला सगळे ‘प्रोफेसर साहेब’ म्हणतात. शीरखुर्म्याची वाटी खाली ठेवत तो म्हणाला, “सर, मे महिन्यात मला पगारच नसतो, हे मी अब्बांना अजून सांगितलेलं नाही.”

तो सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर आहे. आपल्या किती घरांत हा शब्द माहीत आहे?

एकच स्टाफरूम, दोन पगार

अनुदानित कॉलेजातील कायम सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ५७,७०० रुपये आहे. त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे वेगळे. त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या सीएचबीवाल्याला मात्र घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात. सुट्टीचे नाहीत, आजारपणाचे नाहीत. जे मिळतात तेही अनेकदा काही महिन्यांनी एकदम. पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत, पुन्हा नवी नेमणूक.

कायम जागा भरायला शासनाची परवानगी लागते आणि ती टप्प्याटप्प्याने येते. जुने प्राध्यापक निवृत्त होतात, जागा रिकामी राहते, वर्ग सीएचबीवर चालतो. म्हणून ‘आज ना उद्या कायम होईल’ या भरवशावर तरुणपण घालवू नये.

तयारी लवकर करा

नेट परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि एम.ए., एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असतानाही देता येते. उर्दू, अरबी हे विषयही तिच्यात आहेत. महाराष्ट्र व गोव्यासाठीची सेट पुणे विद्यापीठ घेते. ती राज्यापुरती चालते, नेट देशभर.

सहायक प्राध्यापक पात्रतेसाठी वयाची अट नाही, पण जेआरएफ शिष्यवृत्तीसाठी आहे. म्हणून उशीर नको. जेआरएफ मिळाली तर संशोधनासाठी पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात. अल्पसंख्याक संशोधकांसाठी असलेली मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून बंद झाली. त्यामुळे आपल्या मुलांसाठी जेआरएफचे मोल आणखी वाढले आहे.

पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण लागतात. नॉन-क्रिमीलेअर ओबीसींना ५० टक्के पुरतात. मोमीन-अन्सारी-जुलाहा यांसारख्या आपल्या बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. नेटला केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. फॉर्म निघाल्यावर तहसीलला धावू नका, आधीच काढून ठेवा.

जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकासाठी पीएच.डी. सक्तीची नाही, नेट किंवा सेट पुरते. तरीही निवडीत पीएच.डी.ला वजन असते. पण आधी नेट, मग पीएच.डी. हा क्रम ठेवा.

जागेचा भाव

आता कटू गोष्ट. कायम जागेसाठी काही ठिकाणी ‘देणगी’ मागितली जाते. अम्मीचे दागिने, वडिलोपार्जित जागा विकून ती दिलीही जाते. नाव देणगी असले तरी ती रिश्वत आहे, आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी रिश्वत देणारा व घेणारा दोघांवर लानत केली आहे. इल्म शिकवायला असा पाया चालेल का? आपल्या समाजाच्या संस्था चालवणाऱ्यांनीही स्वतःला हा प्रश्न विचारावा. मजुराचा घाम सुकण्याआधी मजुरी द्या, हे आपण जलशांत सांगतो. सीएचबीवाल्याचा घामही घामच आहे.

मुदत ठरवा

सीएचबी वाईट नाही, अनुभव मिळतो. पण पहिल्याच दिवशी मुदत ठरवा, समजा तीन वर्षे. दरवर्षी नेमणूकपत्र आणि अनुभवाचा दाखला लेखी घ्या. दुसरा दरवाजा उघडा ठेवा. बी.एड. असेल तर टेट (टीईटी) आणि शिक्षक अभियोग्यता चाचणी देऊन पवित्र पोर्टलमार्फत शाळेत जाता येते. शाळेत गेल्याने कोणी लहान होत नाही.

मुलींच्या बाबतीत एक वाक्य हमखास ऐकू येते: “तिला काय, चार तास शिकवून घरी येते, बरं आहे.” तिनेही तीच परीक्षा दिली आहे. तिच्या तासाची किंमत ‘विरंगुळा’ म्हणून लावू नका.

आई-वडिलांनो, मुलगा कॉलेजात लागला म्हणून मिठाई जरूर वाटा, पण ‘कायम की तासावर?’ हेही प्रेमाने विचारा. त्यावर घराचे हप्ते आणि लग्नाच्या तारखा ठरत असतात.

परवा त्या विद्यार्थ्याचा फोन आला. त्याने अब्बांना सांगितले. अब्बा थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “बेटा, आधी सांगितलं असतंस तर दुकानाचा हप्ता मी तुझ्याकडून घेतला नसता.” आता तो अभियोग्यता चाचणीचा अभ्यास करतो आहे. अल्लाह त्याच्या रोजीत बरकत देवो.