वासराचा वाटा



इटली देशाच्या दक्षिण भागांत नेपल्स शहराच्या आसपास जीं खेडीं आहेत, तेथें लोक दुरून जातात, तें त्याच दिवशीं केलेलें ताजें चीज खावयास. हें मोझरेला चीज म्हशीच्या दुधाचें असतें, आणि त्या म्हशी आपल्याकडील म्हशींच्याच गोत्रांतल्या आहेत. ह्याचें वर्णन वर्गांत चाललें असतां एका मुलानें विचारलें, "गुरुजी, आपल्याकडे गांवीं जाऊन ताजें खावें असें कांहीं नाहीं काय?" ह्याचें उत्तर कानास देण्यापेक्षां जिभेस द्यावें, असें मला वाटलें.

पुढच्या शनिवारीं चार मुलांस घेऊन मी सेलूच्या बाजूस, दुधना नदीकांठच्या एका खेड्यांत गेलों. तेथें ओळखीच्या एका शेतकऱ्याची लाल कंधारी गाय आदल्या दिवशीं व्याली होती. घरच्या आजीबाईंनीं पिवळसर, दाट चिकांत थोडें दूध, गूळ व वेलदोड्याची पूड घातली आणि तें भांडें उकळत्या पाण्याच्या पातेल्यांत झांकून ठेविलें. अर्ध्या-पाऊण तासानें झांकण काढून पाहतों तों खरवस थिजून तयार!

"ह्यांत विरजण नाहीं, लिंबूं नाहीं, मग हा थिजला कसा?" मुलांचा हा प्रश्न मार्मिक होता.

गाईच्या साध्या दुधांत शंभर भागांत सुमारें 3 ते 3.5 भाग प्रथिनें असतात व त्यांतील बहुतेक केसीन असतें. केसीन नुसत्या उष्णतेनें थिजत नाहीं. त्यास आंबट पदार्थ तरी लागतो, नाहीं तर वासराच्या चौथ्या जठरांतील पाचक रस. चीज करणारे कित्येक जण हाच रस दुधांत घालतात. गोठलेला भाग गरम पाण्यांत ताणून त्याचे गोळे तोडतात. 'तोडणें' ह्या अर्थाच्या इटालियन क्रियापदावरूनच मोझरेला हें नांव पडलें. खालीं उरलेल्या निवळींत दुसऱ्या जातीचीं प्रथिनें असतात. निवळी तापविली कीं तीं एकत्र येतात. त्यास रिकोटा, म्हणजे 'पुन्हा शिजविलेलें', असें म्हणतात. पहिल्या चिकांत शंभरांत सुमारें 14 भाग प्रथिनें असून त्यांत ह्या दुसऱ्या जातीचा भरणा मोठा असतो. म्हणून अंड्याच्या बलकाभोंवतालच्या पांढऱ्या भागाप्रमाणें चीक केवळ उष्णतेनें थिजतो.

परंतु हीं प्रथिनें कांहीं आपल्या वड्यांसाठीं निर्माण झालेलीं नाहींत. त्यांतील पुष्कळशीं रोगांशीं झगडणारीं आहेत. गाईच्या पोटांत असतांना तीं वासरास मिळत नाहींत. जन्मल्यावर चिकांतूनच मिळतात. वासराचें आंतडें तीं पहिल्या कांहीं तासांत उत्तम शोषून घेतें. एक दिवस लोटला कीं तें द्वार मिटतें.

माझ्या लहानपणीं आमच्या घरीं, वार पडेपर्यंत वासरास पाजूं नये, असा समज होता. एकदां वार पडावयास रात्र झाली. तोंवर वासरूं दाव्यास बांधलेलें हंबरत होतें, आणि आम्ही भावंडें चुलीपाशीं खरवसाची वाट पाहत होतों. आठव्या दिवशीं तें हगवणीनें गेलें. 'त्याचें आयुष्यच तेवढें,' असें वडील माणसें म्हणालीं. खरें कारण मला पुढें अनेक वर्षांनीं पुस्तकांत सांपडलें, आणि त्या खरवसाची गोडी मनांतून उतरली.

म्हणून त्या दिवशीं वडी तोंडांत घालण्यापूर्वीं मीं आजीबाईंस विचारलें, "वासरानें घेतला ना?" त्या म्हणाल्या, "आधी त्याला पोटभर पाजलं, गुरुजी. उरला तो तुमचा." मग आम्ही सर्वांनीं आनंदानें खाल्ला.

मुलांनो, तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं गुरें आहेत. गाय किंवा म्हैस व्याली कीं वार पडण्याची वाट न पाहतां दोन तासांच्या आंत वासरास चीक पाजा. वीस किलो वजनाच्या वासरास पहिल्या दिवशीं निदान दोन लिटर तरी मिळावा. पालकांसही माझी हीच विनंती आहे. वासराचा वाटा त्यास दिल्यावर जें उरेल, तेंच खरें आपलें.