झबलं तीन महिन्यांचं

जन्मताना तीन किलो भरलेलं बाळ पाचव्या महिन्याच्या आसपास सहा किलोचं होतं आणि पहिल्या वाढदिवसाला नऊ किलोच्या घरात जातं. लांबी ५० सेंटिमीटरवरून ७५ वर पोचते. पहिल्या वर्षानंतर माणूस पुन्हा कधीच इतक्या झपाट्याने वाढत नाही. बाळाच्या खर्चाचं सगळं गणित याच एका गोष्टीत आहे. झबलं विरायच्या आधी बाळाला तोकडं होतं. पाळणा धडधाकट असतो आणि बाळ त्यातून बाहेर उडी मारायला बघतं. वस्तूचं आयुष्य मोठं, बाळाची गरज छोटी. त्यामुळे खरी बचत सेलमध्ये होत नाही, ती घराघरांतून फिरत्या राहिलेल्या वस्तूंनी होते.

स्वेटरचा हिशेब

कपडे घेताना माप आणि महिना एकत्र बघा. दिवाळीत जन्मलेलं बाळ सहा महिन्यांचं होईल तेव्हा मे महिना असेल. म्हणजे 'सहा महिने' मापाचा लोकरी स्वेटर कितीही गोजिरा दिसला, तरी तो कपाटातच राहणार. पावसाळ्यात जन्म असेल तर नेमकं उलटं: दुपटी, लंगोट दुप्पट हवेत, कारण चार-चार दिवस काही वाळत नाही. अगदी लहान, 'शून्य ते तीन महिने' मापाचे कपडे मोजकेच ठेवा. अंगाने भरलेल्या बाळाला ते काही आठवडेच होतात.

आपल्याकडे अनेक घरांत बाळाला पहिलं झबलं जुन्या सुती कापडाचं घालतात. आजोबांचं धोतर, आजीचं लुगडं. यात माया तर आहेच, शिवाय शहाणपणही आहे. नव्या कापडाची खळ आणि कडकपणा शेकडो धुण्यांत निघून गेलेला असतो, आणि तेच कापड पाणी चटकन शोषतं. नवे कपडे आणलेच, तर अंगावर घालण्याआधी एकदा धुऊन घ्या.

आता एक मजेचा हिशेब. नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास लांबी आणि एक मीटरहून थोडा जास्त पन्हा. तिच्यातून अर्ध्या-अर्ध्या मीटरचे ३२ चौकोन निघतात. एका जुन्या लुगड्यात बाळाचे ३२ लंगोट! आणखी दोन जुन्या साड्या असल्या तर त्यांची गोधडी होते. बाळंतविड्यात अशी एक गोधडी असली, तर दुकानातल्या मखमली ब्लँकेटची गरज कुणाला वाटेल?

पडद्यातून निघालेला डायपर

१९४६ साली अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन नावाच्या आईने न्हाणीघराचा पडदा कापला आणि लंगोटावर घालायचं, ओल बाहेर न येऊ देणारं आवरण शिवलं. कारखानदारांनी नाक मुरडलं, म्हणून तिने ते स्वतःच विकायला काढलं. पुढे त्याचे हक्क दहा लाख डॉलरला गेले. वापरून फेकायचा डायपर घरोघरी नेला तो प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या व्हिक्टर मिल्स यांच्या चमूने. १९६१ मध्ये इलिनॉयमधल्या पिओरिया शहरात 'पॅम्पर्स' पहिल्यांदा विक्रीला आले आणि फारसे खपले नाहीत, कारण लोकांना ते महाग वाटले. किंमत उतरवल्यावर गाडी चालू लागली.

त्याच्याही आधीची गोष्ट सेफ्टी पिनेची. वॉल्टर हंट या अमेरिकी संशोधकाला १५ डॉलरचं कर्ज फेडायचं होतं. तारेचा तुकडा वाकवता वाकवता १८४९ मध्ये त्याने ही पिन बनवली, पेटंट घेतलं आणि ते ४०० डॉलरला विकून टाकलं. पुढे जगभरातले लंगोट शंभर वर्षं त्या पिनेने अडकवले गेले.

आता आपला हिशेब. दिवसाला सहा डायपर आणि एका डायपरचे दहा रुपये धरले, तर वर्षाचे २१,९०० होतात. रात्रीसाठी आणि प्रवासासाठी मिळून दोनच वापरले, बाकी वेळ लंगोट ठेवले, तर ७,३०० रुपयांत भागतं. तुमच्या दुकानातली किंमत घालून हेच करून बघा. मी डायपरच्या विरोधात अजिबात नाही. रात्री तीन वेळा उठणाऱ्या आईला सलग झोप मिळत असेल, तर ते दहा रुपये सोन्याचे आहेत. दिवसा घरी मात्र लंगोटच बरा, बाळाच्या कातडीला वाराही लागतो.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतंच असं नाही, म्हणून पाकिटावरची प्रति नग किंमत वाचा. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून बाळाचे डायपर आणि दुधाच्या बाटल्या यांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. बिल एकदा तपासा.

बकरीची गाडी, विमानाची चाकं

पहिली नामांकित बाबागाडी १७३३ साली इंग्लंडमध्ये विल्यम केंट यांनी ड्यूक ऑफ डेव्हनशरच्या मुलांसाठी बनवली. ती ओढायला बकरी किंवा छोटं तट्टू जुंपायचं! छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी यायला १९६५ उजाडलं. ती बनवणारे ओवेन मॅक्लेरन हे विमानाचे अभियंते. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्यांनी काम केलं होतं. मुलगी नातीला घेऊन भेटायला आली, तिची अवजड गाडी बघून त्यांनी ॲल्युमिनियमची, तीन किलोहूनही हलकी गाडी तयार केली.

त्याच दशकात ॲन मूर ही अमेरिकी परिचारिका आफ्रिकेतल्या टोगो देशात कामाला होती. तिथल्या आया कापडाने पाठीशी बांधलेली बाळं घेऊन दिवसभर वावरत आणि बाळं शांत असत. घरी परतल्यावर तिने स्वतःच्या बाळासाठी तसंच काहीतरी करून घेतलं आणि १९६९ मध्ये त्याचं पेटंट मिळवलं. आज मॉलमध्ये हजारोंना मिळणाऱ्या 'बेबी कॅरिअर'चं एक मूळ असं टोगोच्या बाजारात आहे. आपल्याकडे शेतावर, ऊसतोडीच्या फडावर बायका जुन्या साडीचीच झोळी बांधतात.

आपल्या शहरांतले फुटपाथ बघता माझं मत स्पष्ट आहे: मोठी प्रॅम विकत घेऊ नका. हवीच असेल तर भाड्याने किंवा ओळखीतून वापरलेली घ्या, ब्रेक आणि पट्टे तपासून. कापडाने बाळ बांधताना त्याचं तोंड कायम दिसत राहायला हवं आणि हनुवटी छातीला टेकता कामा नये. बारशाचा सजवलेला पाळणा तर भाड्याने सहज मिळतो, तो घरात आणून ठेवायचं कारणच नाही.

वॉकरला नकार

बाळ बसतं झालं की कुणीतरी हौसेने वॉकर आणतं. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरची विक्री, आयात आणि जाहिरात यांवर बंदी घातली. अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटनाही बंदीची मागणी करते. जिन्यावरून घसरणं, गरम चहापर्यंत हात पोचणं, असे अपघात त्यातून होतात, आणि बाळ लवकर चालतं हा समज चुकीचा आहे. त्याऐवजी आपला पांगुळगाडा! बाळ मागे उभं राहून, धरून, स्वतःच्या पायांनी ढकलतं. सावंतवाडीच्या चितार आळीत जा, लाकडी खेळणी तिथे आजही मिळतात. पांगुळगाडा एका घरात तीन-चार भावंडांना पुरतो, आणि मग मावसभावंडांना. मोठं माणूस जवळ असल्यावाचून बाळाला तो ढकलू देऊ नका एवढंच.

उशी कशाला?

पहिल्या वर्षात बाळाला उशी लागत नाही. राईचीही नाही. पाळण्याच्या कडेने लावायचे मऊ गादीचे 'बंपर' अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने विकायलाच बंदी आहे, कारण त्यांत बाळाचा श्वास कोंडू शकतो. बाळाला पाठीवर, घट्ट आणि सपाट गादीवर निजवायचं, आजूबाजूला मऊ खेळणी ठेवायची नाहीत. म्हणजे सात-आठ नगांचा तो सुंदर 'बेडिंग सेट' दुकानातच राहू दे. पावडर नको, ती श्वासातून आत जाते. काजळ नको, त्यात शिसं असू शकतं. वेट वाइप्स प्रवासापुरते. घरी कोमट पाणी आणि कापूस पुरे. मालिशला साधं खोबरेल तेल चालतं. चालायला लागेपर्यंत बूट शोभेचेच.

बोगोटाचे डॉक्टर आणि सायनच्या डॉक्टर

१९७८ साली कोलंबियाची राजधानी बोगोटामध्ये एका सरकारी प्रसूतिगृहात इनक्युबेटर कमी आणि कमी दिवसांची बाळं जास्त, अशी अवस्था होती. डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी बाळांना आयांच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. बाळांना ऊब मिळाली, दूध मिळालं. आज जागतिक आरोग्य संघटना कमी वजनाच्या बाळांसाठी याच 'कांगारू' पद्धतीची शिफारस करते. खर्च शून्य. बाबाही बाळाला असं छातीशी धरू शकतात, आणि त्यांनी धरावंच.

आपली मान उंचावणारी गोष्ट मुंबईची. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली. ज्या आईला जास्त दूध येतं ती देते, ज्या अशक्त बाळाला मिळत नाही त्याला ते पोचतं.

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध; उन्हाळ्यातही वेगळं पाणी लागत नाही. दूध पाजणं जमत नसेल तर मनाला लावून न घेता डॉक्टरांशी बोला, पावडर लागली तर लागली. पण जाहिरातीला भुलून नको. भारतात १९९२ च्या कायद्याने दुधाच्या पावडरीची आणि बाटल्यांची जाहिरात करायला, आयांना फुकट नमुने वाटायला मनाई आहे. कुणी असा डबा हातात ठेवला तर त्याला हे सांगा.

सहा महिन्यांनंतर नाचणीचं सत्त्व, मऊ वरणभात, कुस्करलेलं केळं. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. वेगळा 'बेबी फूड मेकर' कशाला? वाटी, चमचा आणि चाळणी घरात आहेच. मध मात्र वर्ष होईपर्यंत चाटवायचा नाही, जन्मल्यावरही नाही.

खोक्यातलं बाळ

१९३० च्या दशकात फिनलंडमध्ये दर हजारी ६५ बाळं दगावत होती. १९३८ पासून तिथलं सरकार गरीब आयांना कपडे, अंथरूण असं सगळं भरलेलं खोकं देऊ लागलं, आणि १९४९ पासून ते सगळ्यांना मिळतं. अट एकच: गरोदरपणाचा चौथा महिना संपण्याआधी आईने तपासणी करून घ्यायची. तळाशी गादी असते, म्हणून कित्येक फिनिश बाळं पहिले महिने त्या खोक्यातच निजतात. तामिळनाडूने २०१५ मध्ये १६ वस्तूंचं किट सुरू केलं, तेलंगणाने २०१७ मध्ये, महाराष्ट्रानेही २०१९ मध्ये बेबी केअर किट आणलं.

किटपेक्षा मोठा आधार पुढचा आहे, आणि तो अनेक सुशिक्षित घरांनाही माहीत नसतो. 'जननी शिशु सुरक्षा' कार्यक्रमात २०११ पासून सरकारी रुग्णालयातलं बाळंतपण, सिझेरियनसकट, मोफत आहे. औषधं, तपासण्या, जेवण, ने-आणही. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत निकषांत बसणाऱ्या आईला पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये मिळतात. बीसीजीपासून न्यूमोकोकलपर्यंतच्या राष्ट्रीय कार्यक्रमातल्या लसी सरकारी केंद्रात फुकट टोचतात. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार मिळतो. आशाताईंना आणि अंगणवाडीताईंना विचारायला लाजू नका. तो आपला हक्क आहे.

इथे हात आखडू नका

गाडीतलं चाइल्ड सीट अनोळखी माणसाकडून जुनं घेऊ नका. त्याला अपघात झाला होता का, हे बाहेरून कळत नाही, आणि त्यावर वापराची मुदतही लिहिलेली असते. दुचाकीवर नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी हेल्मेट आणि चालकाशी बांधणारा पट्टा २०२३ पासून सक्तीचा आहे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंतच. खेळण्यांवर आयएसआय चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे. ते नसलेला झगमगता खुळखुळा स्वस्त असला तरी नको.

बारशाला काय आणू, असं लोक विचारतील, तेव्हा 'काही नको' म्हणू नका. वर्षाच्या मापाचे कपडे, डायपरचं पाकीट, नाहीतर चारजणांनी मिळून चाइल्ड सीट, असं मोकळेपणाने सांगा. आणि तुमच्या बाळाला तोकडी झालेली झबली धुऊन, इस्त्री करून, या महिन्यातच पुढच्या बाळाकडे पाठवा.