आई-बाबांच्या रिटायरमेंटचा हिशोब: कॅल्क्युलेटरची हिरवी खूण खरी किती?

बाबा डिसेंबरमध्ये ५८ पूर्ण करतायत. नाशिकच्या एका कंपनीत तीस वर्षं क्वालिटी विभागात काढली, आता निवृत्ती. महिन्याभरापूर्वी मी घरी गेलो तर त्यांनी मोबाइल पुढे केला. स्क्रीनवर एक रिटायरमेंट कॅल्क्युलेटर, त्यात सगळे आकडे भरलेले आणि खाली मोठी हिरवी खूण: तुमची बचत पुरेशी आहे.

बाबा खूश. म्हणाले, "बघ, पुरतंय. तुझ्या फ्लॅटच्या डाउन पेमेंटला १५ लाख देऊ शकतो मी."

आई शेजारी बसून भाजी निवडत होती. तिने स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, "यात माझं वय कुठं टाकलंय?"

कुठंच नव्हतं. त्या कॅल्क्युलेटरमध्ये वयाचा रकानाच एक होता. आई बाबांपेक्षा चार वर्षांनी लहान आहे. तिच्या त्या प्रश्नानंतर मी गुगल शीट्स उघडलं आणि दोन रात्री त्यात गेल्या. तुमचेही आई-बाबा पन्नाशीच्या पुढे असतील तर हे काम तुम्ही फोनवर करू शकता. कोडिंग लागत नाही, फक्त गुणाकार आणि वजाबाकी.

आधी खरे आकडे गोळा करा

घरखर्च विचारून कळत नाही. बाबा म्हणाले, "महिन्याला पंचवीस हजार." मी बँकेच्या ॲपमधून १२ महिन्यांचं स्टेटमेंट काढलं, त्यात यूपीआयचे खर्च होतेच. मग आईबरोबर बसून रोख खर्च लिहिला: दूध, भाजी, धुणीभांडी. शेवटी वर्षातून एकदाच येणारे खर्च: घरपट्टी, आरोग्य विम्याचा हप्ता, गाडीचं सर्व्हिसिंग, दिवाळी, लग्नकार्यातले आहेर. बेरीज केली, १२ ने भागलं. आकडा आला ३६,०००. म्हणजे वर्षाला ४.३२ लाख.

जमा रकमेसाठी तीन ठिकाणं बघा. पीएफचा आकडा उमंग ॲपवर किंवा ईपीएफओच्या पासबुकात मिळतो. ग्रॅच्युइटीचं सूत्र सोपं आहे: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, गुणिले नोकरीची वर्षं, गुणिले १५, भागिले २६. उरलेलं म्हणजे एफडी आणि म्युच्युअल फंड. आमच्याकडे सगळं मिळून ८० लाख. घर स्वतःचं, कर्ज नाही. आजारपणासाठी बाजूला ठेवलेली ६ लाखांची एफडी मी यात धरली नाही आणि तुम्हीही तसा निधी धरू नका.

पेन्शनबद्दल बऱ्याच घरांत गैरसमज असतो. खासगी नोकरीतलं ईपीएस पेन्शन तुमच्या पूर्ण पगारावर मिळत नाही. सप्टेंबर २०१४ पासून पेन्शनसाठीचा पगार १५,००० रुपयांवर अडवलेला आहे, त्याआधी ही मर्यादा ६,५०० होती. या पगाराला नोकरीच्या वर्षांनी गुणायचं आणि ७० ने भागायचं. जुन्या आणि नव्या वर्षांचा वेगवेगळा हिशोब करून बाबांचं पेन्शन महिन्याला ४,५०० च्या आसपास येतं. ते महागाईप्रमाणे वाढत नाही. बाबांच्या पश्चात आईला त्याच्या निम्मं मिळेल.

शीट कशी बनवायची

सेलची नावं इथं देवनागरीत लिहिली आहेत. शीटमध्ये ती इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाका, नाहीतर सूत्र चालणार नाही.

ए कॉलम: बाबांचं वय
बी कॉलम: आईचं वय
सी कॉलम: वर्षाच्या सुरुवातीची शिल्लक
डी कॉलम: वर्षाचा खर्च
ई कॉलम: वर्षाचं उत्पन्न (पेन्शन, भाडं वगैरे)
एफ कॉलम: वर्षअखेरची शिल्लक

एच१ मध्ये महागाई लिहा: १.०६, म्हणजे ६ टक्के. एच२ मध्ये गुंतवणुकीवरचा परतावा: १.०७, म्हणजे ७ टक्के. आता तीनच सूत्रं:

एफ२ = (सी२ − डी२ + ई२) × एच२
सी३ = एफ२
डी३ = डी२ × एच१

सूत्रात एच१ आणि एच२ लिहिताना अक्षर आणि आकडा या दोन्हींच्या आधी डॉलरचं चिन्ह द्या. नाहीतर सूत्र खाली ओढलं की संदर्भ सरकतो आणि सगळे आकडे चुकतात. आई ९० वर्षांची होईपर्यंत ओळी खाली ओढा. मग एफ कॉलमला कंडिशनल फॉरमॅटिंग लावा: शून्यापेक्षा कमी असेल तर लाल.

७ टक्केच का? ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला, पण तिथं एका व्यक्तीला ३० लाखांचीच मर्यादा आहे आणि मुदत पाच वर्षांची. पुढची ३५ वर्षं हाच दर राहील असं धरता येत नाही. शिवाय काही पैसा बचत खात्यात पडून असणारच. म्हणून सरासरी थोडी खाली धरली.

शीटने काय दाखवलं

काही ओळी देतो. शिल्लक वर्षाच्या सुरुवातीची आहे, आकडे लाखांत.

बाबा ५८, आई ५४: शिल्लक ८०.००, खर्च ४.३२
बाबा ६५, आई ६१: शिल्लक ८६.२४, खर्च ६.५०
बाबा ७०, आई ६६: शिल्लक ७९.५८, खर्च ८.६९
बाबा ७५, आई ७१: शिल्लक ५५.१०, खर्च ११.६३
बाबा ७९, आई ७५: शिल्लक १४.६५, खर्च १४.६९
बाबा ८०, आई ७६: शिल्लक ०.५४, खर्च १५.५७

पहिल्या दोन ओळी परत बघा. निवृत्तीनंतर सात वर्षं खर्च करूनही शिल्लक वाढलेली आहे. फसगत इथेच होते. पासष्टीला पासबुकात निवृत्तीच्या दिवसापेक्षा सहा लाख जास्त दिसतात, मग माणूस मुलाला फ्लॅटसाठी देतो, नातेवाइकाला उसने देतो. घसरण त्यानंतर सुरू होते आणि सत्तरीनंतर वेग घेते, कारण खर्च दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढतोय आणि पेन्शन जागच्या जागी आहे.

कॅल्क्युलेटर खोटं बोलला नव्हता. त्याने आयुर्मान ८० धरलं होतं आणि बाबांच्या ८० पर्यंत पैसे पुरतात. फक्त त्या दिवशी आई ७६ वर्षांची असेल, खात्यात ५४ हजार असतील आणि ते तेव्हाच्या खर्चाला बारा-तेरा दिवस पुरतील.

मग मी ८० मधून माझ्या फ्लॅटचे १५ लाख वजा केले. शीट बाबांच्या ७५ व्या वर्षी लाल झाली. आई तेव्हा ७१.

एकाच आकड्यावर थांबू नका, शीट मोडून बघा

आपण सॉफ्टवेअर टेस्ट करताना मुद्दाम वाईट इनपुट देतो, तसंच इथंही करायचं.

पहिली टेस्ट महागाईची. एच१ मध्ये १.०६ ऐवजी १.०७ टाका. एका टक्क्याने पैसे संपण्याचं वर्ष ८० वरून ७७ वर आलं.

दुसरी टेस्ट वाईट वर्षांची. निवृत्तीच्या पहिल्या दोन वर्षांत परतावा शून्य धरला, नंतर परत ७. पैसे बाबांच्या ७७ व्या वर्षी संपले. हीच दोन वर्षं मी ७७ आणि ७८ व्या वयात टाकली, तर पैसे ७९ पर्यंत गेले. वाईट वर्षं तेवढीच, पण सुरुवातीला आली की नुकसान जास्त, कारण पुढे वाढायला मुद्दलच कमी उरतं. २००८ मध्ये निफ्टी वर्षभरात निम्म्याहून जास्त पडला होता. त्या वर्षी निवृत्त होऊन सगळा पैसा शेअर्समध्ये असलेल्या माणसाचा विचार करा. म्हणून पहिल्या पाच वर्षांचा खर्च बाजाराच्या चढउतारापासून लांब ठेवावा.

"वर्षाच्या खर्चाच्या २५ पट जमवा" हा नियम तुम्ही रील्समध्ये ऐकला असेल. तो विल्यम बेंगन या अमेरिकन सल्लागाराच्या १९९४ च्या अभ्यासातून आला. तो अमेरिकेतल्या बाजारावर आणि महागाईवर, ३० वर्षांच्या निवृत्तीसाठी होता. आमच्या शीटमध्ये आईच्या नव्वदीपर्यंत ३७ ओळी आहेत. नियम अंदाजाला ठीक, निर्णयाला नाही.

तिसरी टेस्ट सगळ्यात अवघड. एका ओळीपासून पुढे फक्त आई आहे असं धरायचं. मी बाबांच्या ८० पासून तसं धरलं. हे टाइप करताना हात थांबतो. पण आई एकटी असली म्हणून खर्च निम्मा होत नाही: घरपट्टी तीच, गॅस, लाइट, मदतनीस तेच. मी खर्च ७० टक्के धरला आणि पेन्शन निम्मं.

मग दुरुस्ती कशी केली?

दोन गोष्टी सापडल्या. बाबांच्या जुन्या सहकाऱ्याचं अंबडला वर्कशॉप आहे, तिथं अर्धवेळ तपासणीचं काम मिळतंय, महिन्याला २० हजार. ते फक्त पाच वर्षं धरलं. या एका बदलाने, दोघंही असताना, पैसे बाबांच्या ८० ऐवजी ८३ व्या वर्षी संपतात.

दुसरी, वरच्या मजल्यावरची खोली. आजवर ती मी आलो की झोपायला आणि एरवी गहू-तांदूळ ठेवायला. भाड्याने दिली तर ८,००० मिळतील. भाडं वर्षाला ५ टक्क्यांनी वाढेल असं धरलं. २० हजारांच्या नोकरीपुढे ही रक्कम किरकोळ वाटते. पण नोकरी पाच वर्षांत संपते, भाडं महागाईबरोबर वाढत राहतं. लांबच्या पल्ल्यात भाड्याने नोकरीपेक्षा जास्त भर घातली. याउलट ज्येष्ठ नागरिक योजनेत ३० लाख टाकले तर तिमाहीला ६१,५०० व्याज येतं, पण मुदतभर ते तेवढंच राहतं. म्हणून ई कॉलममधल्या प्रत्येक उत्पन्नाला विचारा: हे वाढतं का?

दोन्ही एकत्र टाकल्यावर शीट आईच्या नव्वदीपर्यंत लाल झाली नाही. दोघंही राहिले तर पैसे बाबा नव्वदीला पोचेपर्यंत जातात.

आजारपण मात्र शीटमध्ये नीट बसत नाही. आरोग्य विमा चालू ठेवणं आणि ती ६ लाखांची एफडी न मोडणं एवढंच हातात आहे. ७० पूर्ण झाल्यावर आयुष्मान भारत योजनेत उत्पन्नाची अट नाही, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. ते कार्ड वेळेवर काढून ठेवा.

सुरक्षिततेचं एक

बाबांनी त्या कॅल्क्युलेटरमध्ये निकाल बघण्यासाठी मोबाइल नंबर दिला होता. दुसऱ्या दिवसापासून पॉलिसी विकणाऱ्यांचे फोन सुरू झाले. नंबर, पॅन किंवा ओटीपी मागणाऱ्या कॅल्क्युलेटरपासून लांब राहा. गुणाकाराला ओटीपी लागत नाही. शीटसुद्धा लिंक असलेल्या कोणालाही दिसेल अशी ठेवू नका, घरच्यांच्या ईमेललाच परवानगी द्या. खाते क्रमांक त्यात लिहूच नका.

आणि माझा फ्लॅट?

दुरुस्त केलेल्या शीटमधून १५ लाख काढून बघितले. आईच्या ८३ व्या वर्षी लाल. बाबा म्हणाले, "मग पाच लाख दिले तर?" ते त्यांनी स्वतःच टाइप केलं. आईच्या ८९ व्या वर्षी लाल.

"एकोणनव्वदीला तू असशीलच की," बाबा म्हणाले.

असेन. मी आज २८ चा आहे, आई ८९ ची होईल तेव्हा मी ६३ चा असेन. नोकरी संपलेली, माझीच शीट उतरणीला लागलेली. मी ते पाच लाख खोडून तिथं शून्य टाकलं. फ्लॅट दोन वर्षं लांबला, तोही आधीपेक्षा लहान बघतोय.

तुम्ही शीट बनवाल तेव्हा ती आई-बाबांना नुसती दाखवू नका, त्यांना एडिट करू द्या. आमच्याकडे बाबा आता दर रविवारी एखादा आकडा बदलून बघतात. आणि बी कॉलम आईने स्वतः तपासला. एका ओळीत तिचं वय मी चुकून एक वर्ष जास्त टाकलं होतं, ते तिनेच पकडलं.