देव नसलेल्या घरातील मुले

मालवणच्या किनाऱ्यावर देवाशिवाय जगणे सोपे नाही. होडी पाण्यात लोटायची तर आधी गाऱ्हाणे, घरात दुखणे आले तर देवळात कौल. प्रत्येक गावाला ग्रामदेवता, प्रत्येक वेशीला राखणदार. अशा मुलखात, बौद्धवाडीत, आमची पिढी देव्हाऱ्याविना वाढली. भिंतीवर तथागत बुद्ध आणि बाबासाहेब, बाकी कोणी नाही. चतुर्थीला गावभर गणपती आले की वाडीतले एखादे पोर विचारायचेच, "आये, आपलो देव खंय?" उत्तर ठरलेले असे, "आपणांक देव नाय."

हे उत्तर आमच्या वाडवडिलांनी पुस्तके वाचून काढलेले नव्हते. कौल देवाचा म्हणत, पण तो लावणारा आणि त्याचा अर्थ सांगणारा माणूसच होता! देवाच्या नावाने गावऱ्हाटीत मानपान वाटले गेले, तशी कामेही वाटली गेली. आमच्या वाट्याला देवळाबाहेरची जागा आणि राबणूक आली. म्हणून देव सोडणे ही आमच्यासाठी तत्त्वज्ञानाची चैन नव्हती. ती गुलामी सोडण्याची गोष्ट होती. बाबासाहेबांनी १९२८ साली महार वतनाच्या प्रश्नावर मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेऊन लाखो अनुयायांना २२ प्रतिज्ञा दिल्या. पहिल्याच प्रतिज्ञेत ब्रह्मा, विष्णू, महेश नाकारले आहेत. या दोन्ही लढ्यांचा धागा एकच आहे.

परंतु वारशाने मिळालेला नकार पुरेसा आहे काय? बाप सांगतो म्हणून देव मानणारा आणि बाप सांगतो म्हणून न मानणारा, दोघांनीही डोके वापरलेले नाही. परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू सांगतो, एवढ्यावरून काही मानू नका, असे बुद्धाने कालामांना सांगितले. नास्तिकतेलाही हीच कसोटी लागू आहे.

आमच्या किनाऱ्यावर ही कसोटी लावायला प्रयोगशाळा लागत नाही. नारळी पौर्णिमेला नारळ दिला की दर्या शांत होतो, असे म्हणतात. प्रत्यक्षात त्या सुमारास नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा जोर ओसरू लागतो, म्हणून दर्या निवळू लागतो. नारळ न टाकलेल्या किनाऱ्यावरही तो निवळतोच. पौर्णिमेची उधाणाची भरती चंद्र-सूर्याच्या एकत्रित ओढीने येते, अमावास्येलाही येते. गाबीत बांधव तिथी मोजून दर्यात उतरतात. हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांच्या कष्टाचे आहे, श्रेय मात्र देव घेऊन जातो!

देव न मानणे हा गुन्हा नाही. संविधानाचे कलम २५ सद्‌सद्‌विवेकाचे स्वातंत्र्य देते. नाशिकच्या एका शाळेतील शिक्षक संजय साळवे यांनी प्रार्थनेच्या वेळी हात जोडले नाहीत, म्हणून त्यांची वरची वेतनश्रेणी अडली. ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. अशी सक्ती म्हणजे मूलभूत हक्काचा भंग होय, असे न्यायालयाने नोव्हेंबर २०१३ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला होता. विचार करण्याची किंमत या महाराष्ट्रात कोणत्या टोकापर्यंत मोजावी लागते, हे यावरून कळावे.

आता थोडे आपल्या वाडीकडेही पाहू. पोर आजारी पडले की अंधार पडल्यावर देवळाकडे कोण जाते? लग्नाची तारीख ठरवताना चोरून पंचांग कोण उघडते? बुद्धमूर्तीपुढे नोकरीसाठी नवस कोण बोलते? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी ईश्वराला जागा ठेवली नाही. मग आपण बुद्धालाच देव करून त्या रिकाम्या जागेवर बसवणार काय?

विहारात दर रविवारी वंदना होते, ती व्हावीच. पण वंदनेनंतर अर्धा तास मुलांना प्रश्न विचारू द्या. ग्रहण का लागते, भूत कोणाला दिसते, देव कोणी निर्माण केला, असे कोणतेही. उत्तर येत नसेल तर मोठ्यांनी तसे सांगावे आणि मुलांबरोबर शोधावे. "आपणांक देव नाय" हे आईचे उत्तर आहे. ते का, हे मुलाला स्वतःला सांगता आले पाहिजे.